मदत हवी आहे: वीरगळ दालनात अंध प्रेक्षकांसाठी क्यूआर, एनएफसी की बीकन?

पाषाणमित्र: तालुक्याच्या छोट्या संग्रहालयात दहा वीरगळ (लढाईत पडलेल्या वीरांचे कोरीव स्मृतिदगड) आहेत, बहुतेक चार चौकटींचे. अंध प्रेक्षकाला कुणाचा हात न धरता फोनवर मराठीत वर्णन ऐकता यावं, एवढीच इच्छा आहे. मूळ दगडाला हात लावू देता येणार नाही. काय लावावं?

उंबरठा: बीकन (ब्लूटूथने फोनला आपली जागा कळवणारं छोटं यंत्र) सोडा. ब्लूटूथचा सिग्नल माणसांच्या शरीरात शोषला जातो. शाळेची सहल आत शिरली की फोन शेजारच्याच वीरगळाबद्दल बोलू लागतो. क्यूआरवर कॅमेरा धरायचा तर तो कुठे आहे हे आधी दिसावं लागतं.

एनएफसी घ्या, म्हणजे फोन टेकवला की लिंक उघडणारा छोटा टॅग. एनटॅग २१३ या प्रकारच्या टॅगमध्ये १४४ बाइट जागा असते, छोटी लिंक सहज मावते. पाटी धातूची असेल तर साधा टॅग वाचलाच जात नाही, फेराइटचा थर असलेला ऑन-मेटल टॅग लागतो. लिंक लिहून झाली की टॅग लॉक करा, नाहीतर कुणीही फोनने ती बदलेल. टॅगभोवती बोटाला लागेल असं उठावाचं कडं हवं आणि ते प्रत्येक वीरगळाशी एकाच उंचीवर, एकाच बाजूला हवं. इथे चुकलं की बाकी सगळं वाया.

लिंक उघडल्यावर येणाऱ्या पानाची भाषा कोडमध्ये मराठी लिहा, नाहीतर स्क्रीन रीडर (पडद्यावरचं वाचून दाखवणारी फोनमधली सोय) मजकूर हिंदी आवाजात वाचू शकतो. ध्वनिफीत मोनो, ६४ केबीपीएस ठेवा; दीड मिनिटाची फाइल साधारण ७२० केबी होते, कमी रेंजमध्येही चालते.

पाषाणमित्र: धन्यवाद! स्पर्शासाठी प्रतिकृती करायची आहे. सिलिकॉनचा साचा घेतला तर?

छिन्नी: मूळ दगडावर नको. सिलिकॉनमधलं तेल छिद्रांत मुरतं, डाग जात नाही. फोटोग्रामेट्री करा, म्हणजे चहूबाजूंनी फोटो काढून त्यांतून संगणकावर त्रिमितीय आकार बनवा: लागोपाठच्या दोन फोटोंत ७० टक्के भाग सामाईक, उजेड विखुरलेला आणि सगळीकडून सारखा. त्यावरून काढलेली थ्रीडी प्रिंट ४० सेंटिमीटर उंच पुरे, दोन्ही हातांत येते. मात्र झिजलेलं कोरीवकाम लहान केल्यावर बोटाला लागतच नाही, म्हणून उठाव दीडपट करा आणि तसं वर्णनात सांगा.

वर्णन खालून वर न्या, कारण वीरगळ तसाच वाचतात: तळाशी पडलेला वीर, मग लढाई, मग त्याला नेणाऱ्या अप्सरा, सर्वात वर शिवलिंगाची पूजा. "आता हात एक चौकट वर घ्या" हे वाक्य प्रत्येक चौकटीनंतर हवंच.

ब्रेल पाटीही थ्रीडी प्रिंटरवर छापणार असाल तर उभी छापा. आडवी छापली की ठिपक्याच्या माथ्यावर पायऱ्या पडतात आणि बोटाला टोचतं. ठिपका अर्धा मिलिमीटर उंच, अक्षरातल्या दोन ठिपक्यांत अडीच मिलिमीटर अंतर.