मदत हवी आहे: एमए संगीताची परीक्षा नेमकी कशी घेतात?

नमस्कार मंडळी. मी डोंबिवलीची, बीकॉम झालंय, गांधर्व महाविद्यालय मंडळाची विशारद ही गायनाची परीक्षा पास आहे. आता चर्चगेटला मुंबई विद्यापीठाच्या संगीत विभागात किंवा एसएनडीटी महिला विद्यापीठात एमए करायचा विचार आहे. पदवी संगीताची नसताना विशारदवर प्रवेश मिळतो का?

खरी धास्ती परीक्षेची. विशारदला रागांची यादी पाठ केली, परीक्षकांनी विचारलं ते गायलं, संपलं. एमएला म्हणे मंचप्रदर्शन वेगळं, तोंडी वेगळी. मंचावर राग आपण निवडायचा की ऐनवेळी सांगतात? विलंबित (संथ लयीतल्या) ख्यालाला वेळ किती देतात? अंतर्गत गुणांत हजेरी धरतात का? नोकरी सांभाळून करायचंय, ८:१७ची लोकल चुकली की सगळंच बोंबलतं.

शिवाय स्वरलिपीचा, म्हणजे स्वर कागदावर लिहायच्या पद्धतीचा घोळ. आमच्या गुरुजींनी पलुस्कर पद्धत शिकवली. त्यात स्वराच्या डोक्यावर टिंब म्हणजे मंद्र (खालचं सप्तक), भातखंडे पद्धतीत तेच टिंब म्हणजे तार (वरचं सप्तक)! पेपरात दोन्ही चालतात का?

नुकतंच कुणी केलं असेल तर प्लीज सांगा. जुन्या प्रश्नपत्रिका असतील तर झेरॉक्सचे पैसे देईन, वर वडापाव.