मदत हवी आहे: वाचनालयातील उपयुक्त संकेतस्थळांची यादी निकामी झाली आहे, नव्याने कशी करावी?

करवीरवाचक:
नमस्कार. आमच्या वाचनालयात उपयुक्त संकेतस्थळांची एक यादी पाच-सहा वर्षांपासून आहे आणि तिच्यातील कितीतरी दुवे आता उघडतच नाहीत. काल एका मुलाने शिष्यवृत्तीच्या माहितीसाठी दिलेला पत्ता उघडला, तर समोर पैसे लावून रमी खेळण्याची जाहिरात आली. शेजारी त्याची आई उभी होती आणि मला मान वर करवेना. सोमवारी कार्यकारिणीची बैठक आहे आणि गूगल असताना यादी हवीच कशाला, असे म्हणून हा उपक्रम गुंडाळण्याची भाषा सुरू झाली आहे. अशी यादी जाणकार कशी करतात आणि ती चालू कशी ठेवतात, हे कृपया लवकर सांगावे.

रंकाळाकाठ:
ताई, आपली कळकळ समजली, पण वाचक कोण आहेत, दुवे साधारण किती आहेत आणि यादी कशात ठेवली आहे, हे आपण लिहिलेलेच नाही. एक्सेलमध्ये असेल तर एक उपाय, ब्राउझरच्या बुकमार्कमध्ये असेल तर दुसरा.

जुनाजाणता:
कार्यकारिणीला आधी इतिहास सांगा. १९९४ मध्ये स्टॅनफर्डच्या जेरी यांग आणि डेव्हिड फिलो या दोन विद्यार्थ्यांनी आवडत्या संकेतस्थळांची विषयवार यादी केली आणि त्यातूनच याहू उभे राहिले. त्याआधी, १९९१ मध्ये, वर्ल्ड वाइड वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी खुद्द सुरू केलेल्या व्हर्च्युअल लायब्ररीत प्रत्येक विषय त्या विषयाचा एखादा अभ्यासक स्वेच्छेने सांभाळत असे. १९९८ मध्ये निघालेल्या डीमॉझ या निर्देशिकेसाठी तर वेळोवेळी मिळून ९०,००० हून अधिक स्वयंसेवक संपादकांनी काम केले. अशा कामाला कमी लेखू नये.

शाहूपुरीकर:
आणि हे सगळे बंद पडले, हेही सांगा की. याहूची निर्देशिका २०१४ च्या अखेरीस बंद झाली, डीमॉझ मार्च २०१७ मध्ये. डीमॉझकडे संकेतस्थळ सुचवले तर त्याचा विचार व्हायला कित्येक महिने, कधी वर्षेही लागत. ब्रिटनमधील विद्यापीठांचा इंट्यूट हा उपक्रम तर विषयतज्ज्ञ चालवत होते, पण निधी थांबला आणि २०११ पासून त्यात भर पडणे बंद झाले. माझा सल्ला असा, की वर्डप्रेसवर वाचनालयाचे संकेतस्थळच उभारावे. मी आमच्या तालमीचे तसेच केले आहे. रंगसंगती कशी निवडायची, छायाचित्रे किती आकाराची ठेवायची, हे सविस्तर लिहून देतो.

करवीरवाचक:
संकेतस्थळ उभारण्याविषयी मी विचारलेले नाही. दुवे सुमारे २२० आहेत. स्पर्धा परीक्षेची मुले, करवीर तालुक्यातील गावांमधून येणारे शेतकरी आणि निवृत्त मंडळी हे आमचे वाचक. कृपया मुद्द्यावर बोलावे, सोमवार जवळ आला आहे.

कळंबा_आयटी:
२२० दुवे हाताने तपासायची गरज नाही. मृत दुवे शोधून देणारी मोफत सॉफ्टवेअर आहेत, अर्ध्या तासात काम होईल. आणि खरे सांगायचे तर आता यादीचे दिवस गेले. मुलांना एआयला प्रश्न विचारायला शिकवा.

ग्रंथपाल_निवृत्त:
या दोन्ही गोष्टींशी मी असहमत आहे. संकेतस्थळाच्या पत्त्याच्या नोंदणीचे वेळेवर नूतनीकरण केले नाही, तर तो पत्ता सुटतो आणि जुन्या वर्दळीच्या लोभाने दुसरेच कोणी तो विकत घेते. ताईंच्या रमीच्या पानाचे असेच झाले असावे. सॉफ्टवेअरला पान उघडले एवढेच कळते, म्हणून ते असा दुवा सुस्थितीत असल्याचे सांगते. पानावर शिष्यवृत्ती आहे की जुगार, हे माणसानेच पाहावे लागते.

राहिला एआयचा प्रश्न. आमच्याकडे येणारे एक शेतकरी काका मोबाइलवर सातबारा शोधत आणि जाहिरातीतून वर आलेल्या एका खासगी पानावर प्रत्येक उताऱ्याला दोनशे रुपये भरत. शासनाच्या महाभूमी संकेतस्थळावर डिजिटल स्वाक्षरीचा उतारा १५ रुपयांत मिळतो आणि नुसता पाहण्यासाठी तर काहीच पडत नाही, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. त्यांना दहा उत्तरे नको होती, खात्रीचा एकच दुवा हवा होता. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांतले चौथे हेच आहे, की वाचकाचा वेळ वाचवा.

कळंबा_आयटी:
सर, खासगी पानाचा मुद्दा मान्य. पण सॉफ्टवेअर अगदीच टाकाऊ नाही. जे दुवे उघडतच नाहीत ते तरी आधी बाजूला निघतील. ताई, फाइल पाठवा, मी आजच तपासून देतो.

करवीरवाचक:
फाइल नाही. आधीच्या ग्रंथपालांनी यादी टंकून छापली होती, तो संगणक २०२१ च्या पुरात गेला. आता फलकावर लावलेले लॅमिनेशनचे सात कागद तेवढे आहेत आणि मुले त्यावरून एकेक अक्षर पाहून पत्ता टंकतात.

रंकाळाकाठ:
हे पहिल्याच निरोपात सांगायला हवे होते, ताई. तसे असेल तर जुनी यादी दुरुस्त करण्यात अर्थ नाही, नवीच करावी.

ग्रंथपाल_निवृत्त:
नवी करा आणि लहान करा. २२० दुवे एका माणसाने सांभाळणे शक्य नाही, ४० पुरेत. प्रत्येक दुव्यापुढे चार गोष्टी लिहाव्यात: तेथे नेमके काय मिळते, ते संकेतस्थळ कोण चालवते, आपल्यापैकी कोणी तपासले आणि कोणत्या तारखेला. तपासणाऱ्याचे नाव फलकावर दिसले, की तो माणूस दर तीन महिन्यांनी आपणहून पाहतो, हा माझा अनुभव आहे. विभागही वाचकांच्या प्रश्नांवरून पाडावेत. "शासकीय संकेतस्थळे" असा विभाग केला तर त्यात कोणी शोधत नाही; "उतारा काढायचा आहे", "शाळेचे पुस्तक हवे आहे" असे मथळे द्यावेत. दुसऱ्याखाली ई-बालभारतीचा एक दुवा दिला तरी पालकांचे काम होते.

पंचगंगा_घाट:
जुलैसाठी पुराचा विभाग अवश्य ठेवा. कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी, हे इथे सर्वांना पाठ आहे. पण आजची पातळी म्हणून दोन वर्षांपूर्वीचे छायाचित्र गटागटांतून फिरते आणि चिखलीतल्या आमच्या घरी रात्रभर कोणाला झोप लागत नाही. जिल्हा प्रशासन आणि हवामान खाते यांचे दोनच दुवे मोठ्या अक्षरात लावा.

शाहूपुरीकर:
संकेतस्थळाचा आग्रह सोडतो. निदान प्रत्येक मथळ्यापुढे क्यूआर कोड छापा, म्हणजे पत्ता टंकावा लागणार नाही.

करवीरवाचक:
हे मला करता येण्यासारखे आहे. सोमवारी मी सर्व २२० दुव्यांची बाजू मांडणार नाही. उतारा, शालेय पुस्तके आणि पूर हे तीन विभाग, मिळून बारा दुवे, स्वतः तपासून आणि तारीख घालून नेते. पूर आणि पुस्तके मी सांभाळीन. उताऱ्याच्या विभागाला मात्र महसुलातील कामकाज जाणणारे कोणी हवे आहे.

ग्रंथपाल_निवृत्त:
तो विभाग माझ्याकडे द्या. त्या शेतकरी काकांनाही सोबत आणतो. त्यांच्याच मोबाइलवर प्रत्येक दुवा उघडून पाहू. रविवारी सकाळी दहाला वाचनालय उघडे असेल का?

करवीरवाचक:
उघडे ठेवते, सर.