मेरिवेदर लुईसचा खून झाला हे कशावरून?

आडवाट:
अमेरिकेच्या पश्चिमेचा शोध घेणाऱ्या लुईस-क्लार्क मोहिमेतला (१८०४–०६) हा लुईस. पॅसिफिकपर्यंत जाऊन आला, लुइझियाना प्रांताचा गव्हर्नर झाला आणि ११ ऑक्टोबर १८०९ ला टेनेसीत नॅचेझ ट्रेस या रानवाटेवर, ग्राइंडर कुटुंबाच्या मुक्कामाच्या जागी गोळ्या लागून गेला. वय ३५. खुनाची थिअरी मला तरी ओढूनताणून आणलेली वाटते. सरकारी कामासाठी त्याने काढलेल्या हुंड्या वॉशिंग्टनमधल्या सरकारने नाकारल्या होत्या, डोक्यावर कर्ज होतं. वाटेत ११ सप्टेंबरला त्याने मृत्युपत्र केलं. फोर्ट पिकरिंग या लष्करी ठाण्यावर कॅप्टन रसेलने त्याची अवस्था बघून त्याच्यावर पहारा ठेवला. मोहिमेतला साथीदार क्लार्क आणि माजी राष्ट्राध्यक्ष जेफरसन, दोघांनीही आत्महत्याच मानली. जिवलग दोस्ताला पटलं, आपण कोण शंका घेणारे?

खडूस काका:
दोस्ताला पटलं हा पुरावा कधीपासून झाला राव? क्लार्कला बातमी पेपरातून कळली. जेफरसनला कळवलं लुईससोबत प्रवास करणाऱ्या जेम्स नीलीने, आणि तो स्वतः त्या रात्री तिथे नव्हताच! हरवलेले दोन घोडे शोधायला मागे राहिला होता. म्हणजे सगळं ऐकीव. एक गोळी डोक्याला, एक अंगात. आयुष्यभर बंदूक हाताळलेल्या माणसाला स्वतःवर दोन गोळ्या झाडाव्या लागतात? १८४८ मध्ये टेनेसीच्या समितीने थडगं उघडलं आणि बहुधा मारेकऱ्याने मारलं असावं असं लिहिलं. ते का नाही सांगितलंत?

आडवाट:
कारण समितीने तसं का वाटलं ते लिहिलंच नाही. नुसतं 'बहुधा' घेऊन काय करू?

मनीमाऊ:
तुम्ही दोघं मिसेस ग्राइंडरला विसरताय. त्या रात्री नवरा घरी नव्हता. पक्षी-अभ्यासक अलेक्झांडर विल्सनला तिने नंतर सांगितलं, की गोळ्यांचे आवाज ऐकले, मग लुईस दाराशी येऊन पाणी मागत होता. तिने दार उघडलं नाही. ओंडक्यांच्या फटीतून तो धडपडताना दिसला, आणि मग पाण्याच्या बादलीत भोपळ्याचं भांडं खरवडल्याचा आवाज. बादली रिकामी होती! इतकं बारीक कोण रचून सांगेल? पण बऱ्याच वर्षांनी त्याच बाईने दुसऱ्याला भलतीच हकिगत सांगितली, त्यात अनोळखी माणसं आली होती म्हणे. साक्षीदार एकच, आणि तीही अशी.

खडूस काका:
मग माझंच म्हणणं आलं की. खुनाच्या बाजूने नसेल, पण आत्महत्येच्या बाजूनेही शपथेवर काही नाही. बाई घाबरली होती की काही लपवत होती, कोण सांगणार? म्हणून तर वंशजांनी थडगं पुन्हा उघडा म्हणून मागणी केली, १९९६ मध्ये टेनेसीतल्या होहेनवाल्डला कॉरोनरची (मृत्यूचं कारण तपासणाऱ्या अधिकाऱ्याची) चौकशीही झाली. थडग्याची जागा नॅशनल पार्क सर्व्हिस या सरकारी खात्याकडे, त्यांनी परवानगी दिली नाही. भीती कसली?

आडवाट:
भीती कसली असणार काका? दोनशे वर्षांनी कवटीवर भोक सापडेल. बंदूक कुणाच्या हातात होती, ते हाडं सांगतात का?

खडूस काका:
गोळी मागून आली असेल तर सांगतात की!