अनुभव धागा: रंगपटात कुणाला जागा मिळते?

समलिंगी माणसांना नाटक जवळचं का वाटतं? ‘कलाकार मुळातच हळवे असतात’ हे उत्तर नको, ते फुकटचं आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात ज्यांनी नाटक बसवलंय, रंगवलंय, कपडेपट सांभाळलाय त्यांनी कामातलं लिहावं. स्वतःची कहाणी नको, दुसऱ्याची तर नकोच.

विंगेतून
कारण आधी व्यवहाराचं आहे. 1843 साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं, तेव्हा बायका रंगभूमीवर नव्हत्या. अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्याच जिल्ह्यातले, गुर्लहोसूरचे; त्यांच्या 1880 च्या शाकुंतलातली शकुंतलाही पुरुषच. ज्या चालण्या-लाजण्यावरून पोराला गावात टोमणे बसायचे, त्याचाच कंपनीत पगार मिळायचा. त्यात बिऱ्हाड फिरतं. जेवण एका पंगतीत, निजणं एका माडीवर. ‘लग्न कधी करतोस?’ विचारणारी आत्या दूर कुठंतरी.

मात्र स्त्रीपार्टी, म्हणजे बाईची भूमिका करणारा पुरुष, समलिंगीच असतो असं समीकरण मांडू नका. ते काम कसबाचं होतं, कित्येक जण घरसंसारीच होते. बालगंधर्वांना या चर्चेत ओढायची खोड तर सोडाच.

रंगपेटी
कसबाचा विषय निघालाच आहे तर क्रम सांगते. दाढी प्रयोगाच्या जेमतेम तासभर आधी, उलट्या हातानं घोटून. मग गार पाणी, आणि चेहरा पूर्ण कोरडा होईपर्यंत थांबायचं. दाढीच्या निळसर सावलीवर आधी नारिंगी रंगाचा अगदी पातळ हात, तोही थापून. चोळला की फासतो. त्यावर त्वचेचा रंग, मग पावडर दाबून. नारिंगी गाळून थेट गोरा रंग लावला की दिव्याखाली हनुवटी राखाडी दिसते आणि प्रेक्षक तिथंच हसतात. ओठ रंगवताना कडा किंचित आत घ्यायच्या.

नऊवारी सुमारे सव्वाआठ मीटर. पुरुषाच्या कमरेला बाक कमी, म्हणून कासोटा खाली घसरतो. आत सुती नाडी आवळून बांधायची आणि निऱ्या तिच्यात खोचायच्या. नितंबाला दोन-तीन सेंटीमीटरचा फोम, पण चड्डीला शिवून. सुटा ठेवला तर बसताना सरकतो. गंगावनाला पिना आडव्या-उभ्या अशा फुलीत मारायच्या, नाहीतर लावणीच्या दुसऱ्या गिरकीला अंबाडा हातात.

हे सगळं करायला दुसऱ्याच्या चेहऱ्याशी अर्धा-पाऊण तास बसावं लागतं. त्या वेळात माणूस बोलतो. रंगपटाचं गुपित असलंच तर एवढंच.

तालीममास्तर
जत्रेच्या नाटकाला महिना-सव्वा महिना तालीम, रात्री जेवणं उरकल्यावर, देवळात नाहीतर शाळेत. घरी सांगायला कारण तयार असतं: ‘तालमीला चाललोय.’ हा परवाना गावात दुसऱ्या कशालाच नाही, भजन सोडलं तर.

बिघडतं ते बहुतेक वेळा विनोदात. प्रयोग पडतोय असं वाटलं की कुणीतरी बायकी चालीचा नोकर घुसडतो, टाळ्या पण पडतात. मग जो पोरगा पेटी वाजवतोय किंवा पडदा ओढतोय, तो पुढच्या वर्षी येत नाही. ‘का रे येईनास?’ विचारून उपयोग नसतो. तो नोकर संहितेतच नसेल तर पहिल्या वाचनाला सांगून टाकायचं की भर घालायची नाही. रंगीत तालमीत सांगून भागत नाही, तोवर सवय पडलेली असते.

मलप्रभेकाठी
सौंदत्तीच्या यल्लम्माचे जोगप्पा, म्हणजे देवीला वाहिलेले बाईच्या वेशातले भक्त, स्त्रीपार्ट्यांच्या यादीत घालताना जपा. साडी नेसणं, डोक्यावर जग (देवीची मूर्ती ठेवलेली टोपली) घेणं, चौंडकं हे तंतुवाद्य वाजवणं ही त्यांची देवीची सेवा आहे, पार्ट नव्हे. जोगती नृत्य मंचावर नेणाऱ्या मंजम्मा जोगतींना 2021 साली पद्मश्री मिळाली, तो मान त्यांच्या कलेचा. नाटकात जोगप्पा दाखवायचाच असेल तर जग खोटा करा आणि माणसाला त्याचं नाव द्या.

पिटातला प्रेक्षक
जागा दिली, पण नाव घ्यायला मराठी नाटकानं वेळ लावला. सतीश आळेकरांचं ‘बेगम बर्वे’ 1979 चं, स्त्रीपार्टीच्या उतरत्या आयुष्याचं. तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ 1981 चं, त्यात बाईचं बाईवर प्रेम उघड आहे. लंडनमध्ये तर 1968 पर्यंत नव्या नाटकाला सरकारी अधिकाऱ्याची मंजुरी लागायची, आणि 1958 पर्यंत हा विषय मंचावर आणायलाच बंदी. म्हणजे आत माणसं, बाहेर मनाई. आपल्याकडे दंड संहितेच्या 377 कलमातला प्रौढांच्या संमतीच्या समलिंगी संबंधांचा गुन्हा 6 सप्टेंबर 2018 ला गेला. तोवर रंगपट हे न विचारण्याचं ठिकाण होतं. न विचारणं म्हणजे स्वीकारणं नव्हे, हे मी इथं जरा खडूसपणे लिहून ठेवतो.

रंगपेटी
पिटातल्यांना अनुमोदन. म्हणून दोन कामं आयोजकांनी करावीत. कपडे बदलायला एकच खोली असेल तर दोरीवर जुनं धोतर टाकून आडोसा करा, आणि तो पहिल्या दिवसापासून असू द्या. कुणी मागितल्यावर टाकला तर मागणारा उघडा पडतो. दुसरं, वेशातले फोटो गावच्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाकण्याआधी त्या माणसाला एकट्याला गाठून विचारा. चारचौघांत विचारलं की ‘टाका की’ असंच म्हणतो. नाटकाच्या बॅनरचंही तेच: छापून आल्यावर आडनाव खोडता येत नाही.