विश्व फुगलं ते हिग्जमुळे की इन्फ्लॅटॉनमुळे?

तुकोगंजकर:
भाची अकरावीत आहे, रात्री व्हिडिओ बघत बसते आणि सकाळी माझं डोकं खाते. एकात म्हणे बिग बँगच्या वेळी विश्व एकदम फुगलं ते हिग्जमुळे, दुसऱ्यात म्हणे इन्फ्लॅटॉन. खरं कुठलं? आणि ग्रॅव्हिटी तर ओढते ना, मग फुगवलं कोणी?

सुदामानगरवाली:
दादा, कण धक्का देत नाही, हे फील्डचं काम आहे. गॅस पसरला की विरळ होतो, पण स्केलर फील्ड (जागेच्या प्रत्येक बिंदूला दिशा नसलेला नुसता एक आकडा) पोटेन्शियलच्या, म्हणजे त्याच्या एनर्जीच्या आलेखाच्या, सपाट भागावर रेंगाळत असेल तर जागा कितीही वाढो, त्याची एनर्जी डेन्सिटी जवळपास तेवढीच राहते, अशा वेळी प्रेशर निगेटिव्ह येतं, आणि आइन्स्टाइनच्या हिशोबात डेन्सिटीत तिप्पट प्रेशर मिळवावं लागतं, बेरीज मायनसमधे गेली की ग्रॅव्हिटीच ढकलायला लागते. स्टारोबिन्स्कीनी १९८० ला, गूथनी १९८१ ला आपापल्या पद्धतीनी हे फुगणं, म्हणजे इन्फ्लेशन, मांडलं. इन्फ्लॅटॉन हे त्या फील्डच्या कणाला दिलेलं नाव, सापडलेला नाही अजून.

कॅटरोडवाले:
हिग्जचं नाव येतं कारण २०१२ ला सापडलेला तो एकच मूलभूत स्केलर कण आहे. पण साधा हिग्ज घेतला तर त्याचं स्वतःशीच कपलिंग (जोडणीची ताकद) इतकं जास्त की कॉस्मिक मायक्रोवेव्ह बॅकग्राउंडमधे (बिग बँगनंतरच्या, आजही आभाळभर पसरलेल्या प्रकाशात) तापमानाचे चढउतार लाखात एक दिसतात त्यापेक्षा कितीतरी मोठे आले असते. म्हणून बेझरुकोव्ह आणि शापोश्निकोव्ह यांनी २००८ च्या पेपरात हिग्जला स्पेसच्या वक्रतेशी जोडलं, तेही हजारोंच्या घरातला आकडा घालून. मला तर भिया हे जुगाडच वाटतं, पण प्लँक उपग्रहाच्या डेटात बसतं हे मान्य करावं लागेल.

तुकोगंजकर:
मग कणांच्या अ‍ॅक्सिलरेटर मशीनमधे तपासत का नाहीत? आपल्या इंदूरच्या कॅट संशोधन केंद्रात पण आहे ना?

कॅटरोडवाले:
😄 कॅटमधलं इंडस-२ अडीच जीईव्हीचं (कणांची एनर्जी मोजायचं एकक), युरोपातलं एलएचसी १३,६०० चं, आणि इन्फ्लेशनची एनर्जी १ वर १६ शून्यं इतक्या जीईव्हीपर्यंत असू शकते. आभाळातच बघावं लागतं, तिथे ग्रॅव्हिटेशनल वेव्हजची खूण शोधतात. २०१४ ला दक्षिण ध्रुवावरच्या बायसेप-२ दुर्बिणीवाल्यांनी सापडली म्हणून जाहीर केलं, निघाली आकाशगंगेतली धूळ!

तुकोगंजकर:
भाची विचारते, सगळं इतकं ताणलं गेलं तर हे आपलं मटेरियल कुठून आलं?

सुदामानगरवाली:
हुशार आहे हो. फील्ड शेवटी पोटेन्शियलच्या तळाशी घसरतं, तिथे आंदोलनं करतं आणि त्यातली एनर्जी कणांमधे उतरते, त्याला रीहीटिंग म्हणतात. हिग्ज मॉडेलची जमेची बाजू हीच, हिग्ज बाकीच्या कणांशी कसा वागतो हे आधीच माहितीये.