लेझी कॉन्स्टंट आलं म्हणून होल्डर क्लास कचऱ्यात टाकायचा?

विश्रामबागकर
काल ग्रुपवर एकाने लिहिलं, "जावा २६ मध्ये लेझी कॉन्स्टंट आलं, आता होल्डर क्लास आणि डबल चेक्ड लॉकिंग कचऱ्यात टाका." डोकं फिरलं म्हणून इथे लिहितोय. लेझी म्हणजे किंमत सुरुवातीलाच न बनवता पहिल्यांदा लागेल तेव्हा बनवायची; लेझी कॉन्स्टंट म्हणजे तशी एकदाच बनणारी, नंतर न बदलणारी किंमत. होल्डर क्लास, म्हणजे किंमत आतल्या वेगळ्या क्लासच्या स्टॅटिक फील्डमध्ये ठेवायची जुनी युक्ती, फुकटात लेझी आहे, थ्रेड-सेफ आहे (अनेक थ्रेड एकदम आले तरी गोंधळ नाही), क्लास इनिशियलाइज होताना जेव्हीएम (जावा चालवणारं यंत्र) स्वतः कुलूप लावतं. आणि हे नवं प्रकरण? सप्टेंबर २०२५ ला जावा २५ मध्ये स्टेबल व्हॅल्यू या नावाने आलं, पुढच्याच आवृत्तीत पुन्हा बारसं. ऑरएल्ससेट वगैरे मेथड काढून टाकल्या. २६ मध्येही प्रिव्ह्यूच, म्हणजे अजून पक्कं नाही. ज्याचं नाव ठरेना त्याच्यावर प्रॉडक्शन चालवू?

मिरज_जंक्शन
काका, होल्डर फक्त स्टॅटिकला चालतो. ऑब्जेक्टच्या आत चार लेझी फील्ड हवी असतील तर? तिथे डबल चेक्ड लॉकिंग: फील्डला व्होलाटाइल (एका थ्रेडचा बदल बाकीच्यांना नीट दिसावा म्हणून) लावून कुलपाआधी आणि कुलपात असा दोनदा नल (रिकामं आहे का) तपासायचा, आणि व्होलाटाइल विसरलं की अर्धवट बांधलेला ऑब्जेक्ट दुसऱ्या थ्रेडच्या हातात. शिवाय मुद्दा ओळी वाचवायचा नाहीच. व्होलाटाइल उद्या बदलू शकतं, म्हणून जेआयटी (प्रोग्राम चालू असताना मशीन कोड बनवणारा जेव्हीएमचा भाग) ते दरवेळी वाचतो. लेझी कॉन्स्टंट एकदा भरला की बदलत नाही यावर जेव्हीएम विश्वास ठेवतं. स्टॅटिक फायनलपासून फायनल फील्डांची साखळी तुटली नाही, तर किंमत थेट मशीन कोडमध्ये बसू शकते.

कोटलिनप्रेमी
आमच्या कोटलिन भाषेत बाय लेझी पहिल्यापासून आहे. जावावाले नेहमी वरातीमागून.

मिरज_जंक्शन
तुमच्या बाय लेझीच्या पोटात व्होलाटाइल आणि सिंक्रोनाइज्डच (तेच कुलूप) आहे. वर काय लिहिलंय ते आधी वाचा.

साताऱ्याची_पोर
लेझीचं खरं दुखणं कोणी बोलतच नाही. मार्केट यार्डातल्या एका अडत्यासाठी हळदीच्या सौद्यांचं सॉफ्टवेअर बघत होते. दरांची फाइल कोणीतरी हौसेने लेझी केलेली. सकाळी सर्व्हर मस्त उठला, सगळं हिरवं. ऐन सौद्यात पहिली पट्टी काढायला गेले आणि फाइलच जागेवर नाही! दुकानात शेतकरी उभे, अडत्या फोनवर माझ्या नावाने शंख करतोय. सुरू होतानाच पडलं असतं तर सात वाजता कळलं असतं. बूट दोन सेकंदांनी वाढू दे ना, काय बिघडतं?

विश्रामबागकर
हेच म्हणतोय मी, मॅडम. +१

मिरज_जंक्शन
काका, +१ देताना जपून. मॅडमची फाइल तुमच्या होल्डरमधून वाचली असती तर पहिल्यांदा एक्सेप्शन-इन-इनिशियलायझर-एरर (क्लास उभा राहतानाच पडला), आणि नंतर फाइल जागेवर ठेवली तरी नो-क्लास-डेफ-फाउंड (तो क्लासच वापरता येत नाही). सर्व्हर परत चालू करेपर्यंत तेच रडगाणं. लेझी कॉन्स्टंट फेल झाला तर रिकामाच राहतो, पुढच्या गेटला, म्हणजे किंमत परत मागितली की, पुन्हा प्रयत्न करतो.

जुनाआठ
तुम्ही २६ वर भांडा. आमच्या ऑफिसात अजून जावा ८ आहे, २०१४ चं. लिस्ट-ऑफ-लेझी (लेझी घटकांची यादी) राहू द्या, न बदलणारी यादी देणारं साधं लिस्ट-ऑफ नाही. अनमॉडिफायेबल-लिस्ट गुंडाळून "इम्युटेबल" (न बदलणारी) म्हणतात आणि मागची मूळ लिस्ट कोणीही बदलतं.

प्लेसमेंटग्रस्त
आणि इंटरव्ह्यूला मात्र कागदावर सिंगलटन (ज्याचा एकच ऑब्जेक्ट बनतो असा क्लास) लिहायला लावतात! पुण्यात एकाने मला डबल चेक्ड लॉकिंग लिहायला सांगितलं. मी तेच काम करणारा एका ओळीचा एनम लिहिला तर म्हणे "हे चालणार नाही". सांगलीचा पत्ता बघून आधीच तोंड वाकडं केलं होतं.

जुनाआठ
भावा, मला तर त्यात व्होलाटाइल कशाला म्हणून विचारलं. आत गेल्यावर काम काय, तर एक्सेल इंपोर्ट.

कोटलिनप्रेमी
सांगलीचं रडगाणं प्रत्येक धाग्यात पाहिजेच का? येत असेल त्याला कुठेही घेतात.

प्लेसमेंटग्रस्त
पुण्यात फ्लॅट असणाऱ्यांनी हे सांगू नये.

साताऱ्याची_पोर
अरे आवरा. लेझी वाईट असं मी म्हटलं नव्हतं. दहा रिपोर्टांपैकी दोनच रोज उघडतात, तिथे लिस्ट-ऑफ-लेझी बरी, ज्याला हात लावाल तेवढाच घटक बनतो. कॉन्फिगला नको, एवढंच.

विश्रामबागकर
बरं, होल्डर फेल झाला की मरतो हे मान्य. टाळ्या वाजवा. पण मिरजवाले, लेझी कॉन्स्टंटला नल चालत नाही हे लपवलंत. आमच्या टेबलात अर्धे रकाने नल आहेत.

मिरज_जंक्शन
ऑप्शनलमध्ये (किंमत असेल किंवा नसेल असा डबा) गुंडाळा.

विश्रामबागकर
ऑप्शनलचा वेगळा धागा काढा, तिथे येतो.