मदत हवी आहे: ओरल लायकेन प्लॅनस, कर्क्युमिन जेलच्या चाचणीची आखणी

ओरल लायकेन प्लॅनस (तोंडातल्या आवरणाचा जुनाट दाह, पांढऱ्या रेषा आणि चट्टे येतात) याच्या लाल, सोललेल्या प्रकारात कर्क्युमिन (हळदीतला घटक) जेल आणि ०.१% ट्रायअ‍ॅम्सिनोलोन (स्टिरॉइड) पेस्ट यांची तुलना प्रबंधासाठी करायची आहे. ४ आठवडे, दिवसातून ३ वेळा. एका गालाला जेल, दुसऱ्याला पेस्ट असं केलं तर निम्म्या रुग्णांत भागेल. चालेल का? शिवाय जेल पिवळंधमक आहे, मग कोणाला काय दिलंय ते लपवायचं कसं?

उत्तर १
एका तोंडात दोन औषधं नकोतच. दोन्ही लाळेत मिसळून तोंडभर फिरतात. फरक दिसला नाही तर जेल खरंच पेस्टइतकं चांगलं की नुसती सरमिसळ झाली, हे कधीच कळणार नाही. दोन वेगळे गट घ्या.

रंग रुग्णापासून लपणार नाही, तो तपासणाऱ्यापासून लपवा. ट्यूब देणारा एक, चट्टे मोजणारा दुसरा. तपासणीच्या सकाळी काहीही न लावता, दात घासून, खळखळून चूळ भरून यायला सांगा. आणि मग प्रबंधात ‘डबल ब्लाइंड’ (रुग्ण आणि तपासणारा दोघांनाही औषध माहीत नाही) असं लिहू नका.

उत्तर २
मोजमापाला थाँगप्रासोम या संशोधकांची ० ते ५ गुणांची पट्टी वापरा: ० म्हणजे चट्टा नाही, १ म्हणजे फक्त पांढऱ्या रेषा, २ आणि ३ म्हणजे लाल पातळ त्वचा, ४ आणि ५ म्हणजे व्रण. प्रत्येक जोडीत सीमा १ चौ.सेंमी.ची, म्हणून फोटोत खुणांचा प्रोब (मोजमापाची बारीक सळई) हवाच. जळजळ १०० मिमी रेषेवर (एका टोकाला अजिबात नाही, दुसऱ्याला असह्य; रुग्ण खूण करतो) दोनदा नोंदवा, नुसतं बसलेलं असताना आणि तिखट खाताना. ठेचा बंद केलेल्या माणसाची जळजळ औषधाविनाही उतरते.

बायोप्सी आधी करा. चट्टा नेमका चांदीच्या फिलिंगला टेकत असेल तर तो रुग्ण वगळा, ती बहुधा फिलिंगचीच प्रतिक्रिया असते. खर्रा-मावा खाणारेही नकोत. त्यांना होणाऱ्या सबम्यूकस फायब्रोसिसची (तोंडाचं आवरण कडक होण्याचा आजार) जळजळ आकड्यांत मिसळते.

प्रश्नकर्ता
पेस्ट टिकत नाही, रवाळ होते अशी तक्रार येते. आणि स्टिरॉइडमुळे होणाऱ्या कँडिडाचं (तोंडातली बुरशी) काय?

उत्तर १
चोळल्यामुळे रवाळ होते. जागा गॉजने कोरडी करून थोडीशी पेस्ट नुसती दाबून बसवायची, गुळगुळीत थर धरेपर्यंतच. पुढे अर्धा तास खाणंपिणं नाही. स्टिरॉइड गटात पुसल्यावर निघणारा पांढरा थर दिसला किंवा जळजळ मध्येच वाढली तर स्मिअर (खरवडून काचेवर घेतलेला नमुना) घ्या. नाहीतर कँडिडाची जळजळ ‘पेस्ट लागू पडली नाही’ म्हणून नोंदली जाईल. ट्यूब देताना आणि परत घेताना वजन करा, ‘रोज लावतो’ यावर विसंबू नका. सीटीआरआय (भारतातल्या वैद्यकीय चाचण्यांची नोंदवही) नोंदणी पहिला रुग्ण घेण्याआधी झालेली हवी.